हप्ता कमी आहे, पण डिडक्टिबलमुळे की को-पेमुळे?

मामांच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर खानापूरचा पत्ता, त्यामुळे हप्ताही बेताचा. पण अँजिओप्लास्टी झाली मुंबईत, मुलाकडे असताना. मान्य झालेलं बिल 3 लाख 20 हजार. डिस्चार्जच्या काउंटरवर मामीच्या हातात कागद पडला : को-पे 20 टक्के, 64,000 रुपये भरा. "अरे, कॅशलेस आहे म्हणाले होते ना?" मामी फोनवर रडवेली झाली होती. कॅशलेस होतंच. पण कॅशलेस म्हणजे सगळं बिल कंपनी भरते असं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

डिडक्टिबल आणि को-पे या दोन्हींमुळे हप्ता उतरतो, म्हणून कोटेशन बघताना दोन्ही एकच वाटतात. डिडक्टिबल म्हणजे ठरलेली रक्कम. 50,000 असेल तर बिल 4 लाख होवो की 10 लाख, तुमच्या खिशातून 50,000च जातात. को-पे हा बिलातला तुम्ही भरायचा टक्का आहे, बिलाबरोबर वाढत जातो. 20 टक्क्यांनी 4 लाखांवर 80,000 आणि 10 लाखांवर 2 लाख. लहान बिलाला मात्र उलटं होतं : 60,000च्या बिलात को-पेवाल्याचे 12,000 जातात, डिडक्टिबलवाल्याचे 50,000. माझं मत विचाराल तर डिडक्टिबल बरं, कारण तेवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवता येतात. फक्त ते वर्षातून एकदाच लागतं की दर वेळी ॲडमिट झाल्यावर, हे आधी विचारा. दर वेळी लागत असेल आणि वर्षात दोनदा मोठं बिल झालं, तर 50,000चे लाख होतात.

को-पेही सगळीकडे सारखा नसतो. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत तो प्रत्येक क्लेमवर 5 टक्के. मामांचा होता झोनचा. काही कंपन्या शहरांचे झोन पाडतात आणि खालच्या झोनचा हप्ता भरून मुंबईसारख्या वरच्या झोनमध्ये उपचार घेतले की टक्का कापतात. बेळगाव, निपाणी, खानापूरची आपली माणसं मोठ्या दुखण्याला पुण्या-मुंबईची वाट धरतात, त्यामुळे ही अट आपल्याला जास्त जाचते.

हप्त्याचा अंदाज काढताना एजंटकडून एकाच पॉलिसीची दोन कोटेशन घ्या, अट घालून आणि अट न घालता. समजा 50,000च्या डिडक्टिबलने वर्षाला 4,000 वाचतात. म्हणजे साडेबारा वर्षं क्लेम आला नाही, तरच ते 50,000 भरून निघतात. जुनं कोटेशन शेजारी ठेवू नका. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे जुना आकडा उगाच मोठा दिसेल.

पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक येतं, त्यात को-पे आणि डिडक्टिबल दोन्ही लिहिलेले असतात. मामांचं मी या वेळी नूतनीकरणाआधी बसून वाचलं, आणि झोन वाढवून घेतला. हप्ता थोडा चढला. मामीनं तो कुरकुर न करता भरला.