दमदाटी

दमदाटी : समोरच्याने आपल्या मनासारखे वागावे किंवा निदान गप्प बसावे म्हणून त्याच्या मनात इजेची भीती घालणारे वर्तन. त्यात मारहाण असेलच असे नाही. बहुतेकदा मारावे लागत नाही, यातच दमदाटीचे यश असते. कोल्हापुरात या कुळातले शब्द बारीक फरकाने वापरतात. दम देतात तो तोंडावर, खुन्नस देतात ती नुसत्या नजरेने, आणि नडणे म्हणजे मुद्दाम आडवे जाणे. दहशत हे या सगळ्याचे साठलेले भांडवल; ती एकदा गल्लीत बसली की हात उचलावा लागत नाही, नाव पुरते.

कोल्हापूरची बोली मोठ्या आवाजाची आणि थेट. मिरजकर तिकटीला चाललेल्या गप्पा परगावच्या माणसाला भांडण वाटू शकतात. पण आवाज चढला म्हणजे धमकी झाली, असे नाही. खरा दम पुष्कळदा हळू आवाजात, चौकशी केल्यासारखा येतो : “पोरगी कुठल्या कॉलेजला हाय म्हणालासा?” हे वाक्य कागदावर निरुपद्रवी दिसते, म्हणूनच तक्रार द्यायला गेलेल्या माणसाला आपली भीती समजावून सांगणे जड जाते. भारतीय न्याय संहितेच्या ३५१व्या कलमात धाकदपटशाचा गुन्हा सांगितला आहे. त्याला अंगाला हात लागण्याची गरज नाही. शरीर, मालमत्ता किंवा अब्रू यांना इजा करण्याची धमकी पुरते, आणि ती आपल्या जवळच्या माणसाबद्दल असली तरी चालते.

मानसशास्त्रात आक्रमकतेचे दोन प्रकार मानतात. एक तापलेली, दुसरी थंड. तापलेल्या आक्रमकतेचे जुने स्पष्टीकरण १९३९ साली जॉन डोलार्ड आणि त्यांच्या येल विद्यापीठातील सहकाऱ्यांनी मांडले : इच्छेच्या वाटेत अडथळा आला की आक्रमकता उपजते. पुढे लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी त्यात दुरुस्ती केली. अडथळाच कशाला, वेदना, उकाडा, अपमान अशी कोणतीही अप्रिय जाणीव रागाला वाट करून देऊ शकते. थंड आक्रमकतेत राग नसला तरी चालतो. बेकायदा खासगी सावकाराने वसुलीसाठी दारात चार पोरे उभी केली, तर त्या पोरांचा कर्जदाराशी काही वैरभाव नसतो. ते काम असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परंतु कर्जदार गप्प राहतो तोवर कायदा त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

“रागानं का बघतोस?” एवढ्यावरून झालेल्या हाणामाऱ्यांच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. केनेथ डॉज यांनी १९८० च्या सुमारास आक्रमक मुलांच्या अभ्यासात हेच दाखवले होते. समोरच्याचा हेतू स्पष्ट नसला की अशी मुले तो वाईटच धरून चालतात. धक्का चुकून लागला असेल, हा विचार त्यांना सुचत नाही. रिचर्ड निस्बेट आणि डोव्ह कोहेन यांचा मिशिगन विद्यापीठातील १९९६ चा प्रयोग याच्याच पुढचा. वाटेत एकाने मुद्दाम धक्का देऊन शिवी हासडली. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात वाढलेल्या तरुणांच्या शरीरात कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन ही ताणाशी आणि चढाईशी संबंधित संप्रेरके अधिक वाढली. उत्तरेकडचे तुलनेने शांत राहिले. अपमान गिळला तर आपली किंमत जाते, ही शिकवण ज्या समाजात मिळते तिथे शरीरही तसे तयार होते. पेठेच्या आणि तालमीच्या अभिमानावर वाढलेल्या शहराला हे परके वाटू नये. तो अभिमान वाईट नाही, पण चौकात चार मित्र बघत असताना माघार घेणे अवघड होते ते त्याच्यामुळेच.

दमदाटी करणाऱ्याला आतून न्यूनगंड असतो, हा समज सर्रास आढळतो. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याच्या उलट मांडणी केली. स्वतःविषयी फुगलेले मत असते आणि कुणीतरी त्याला टाचणी लावते, तेव्हा हिंसेचा धोका वाढतो.

तरुण पोराची “रग जिरवायला” त्याला तालमीत घालतात. मनात साठलेला राग बाहेर काढला की संपतो, ही कल्पना मात्र टिकलेली नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत पिशवीवर ठोसे मारणारे लोक शेवटी अधिक रागीट आणि अधिक आक्रमक निघाले. स्वस्थ बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. तालमीचे गुण वेगळ्या ठिकाणी आहेत. मातीला हात लावून आत उतरणे, जोडीदाराशी हात मिळवणे, पाठ टेकली की सोडणे, आणि वस्तादांचा शब्द मानणे. ताकद कुठे वापरायची नाही हे तिथे रोज गिरवले जाते. वस्ताद नसलेली व्यायामशाळा फक्त पिळदार दंड देते.

हिंसा रक्तात असते, या समजाने या देशात मोठा अन्याय केला. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांच्यावर पोलिसांकडे हजेरी लादली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ही हजेरी बंद केली, फासेपारध्यांना जवळ केले, त्यांना जागा आणि काम दिले. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतील मुलांवर केलेला बाहुल्याचा प्रयोग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तसेच, त्याच शब्दांसह केले. हिंसा पाहून शिकली जाते, आणि घर ही तिची पहिली शाळा असू शकते. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. घरातला छळ ही खासगी बाब नाही, असे एका संस्थानाने तेव्हा म्हटले होते.

दम खाणाऱ्याच्या मनात काय होते, यावर तुलनेने कमी बोलले जाते. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले, की त्रास टाळता येत नाही असा अनुभव आलेला प्राणी पुढे सुटकेची वाट असूनही हलत नाही. वर्षानुवर्षे दबून राहिलेल्या माणसाला “मग आधीच का नाही सांगितलंस?” असे विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

बघ्यांविषयीचे ज्ञानही बदलले आहे. गर्दीत जबाबदारी वाटली जाते आणि कुणीच पुढे येत नाही, हे जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांचे १९६८ चे निष्कर्ष. पण तीन देशांतील शहरांमधल्या २१९ रस्त्यावरच्या भांडणांची सीसीटीव्ही चित्रणे २०१९ मध्ये तपासली गेली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेले दिसले, आणि माणसे जास्त असतील तिथे ही शक्यता वाढलेली होती. दमदाटी करणारा माणसाला एकटे गाठतो, ते यासाठीच.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात सकाळी फिरायला गेलेले कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २० फेब्रुवारीला पानसरे यांचे निधन झाले. त्यानंतर शहरातले लोक त्याच सकाळच्या वेळी, एकत्र, ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ला निघू लागले.