गरिबाच्या हाती रोख पैसा: अटींचा दीडशे वर्षांचा इतिहास

ऑगस्ट २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या बायकांच्या खात्यात 'माझी लाडकी बहीण' योजनेचे दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये जमा झाले. तेव्हापासून पारावर आणि टीव्हीवर एकच वाद रंगतो आहे. काम न करता पैसा मिळाला, तर लोक शेतात राबायला कशाला जातील? बागायतदार म्हणतो, खुरपणीला बाया मिळत नाहीत. किराणा दुकानदार म्हणतो, उधारी वसूल होऊ लागली. मात्र हा वाद २०२४ साली जन्मलेला नाही. आपल्या मुलखात त्याची मुळे दुष्काळात आहेत.

१८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळात भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात मोठ्या संख्येने मजुरांनी या दरावर काम करायला नकार दिला आणि सार्वजनिक काका जोशींची पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने घालून दिलेली चौकट फार काळ टिकली. धडधाकट माणसाला मदत द्यायची ती अंगमेहनतीच्या कामावरच, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच खडी फोडायला येईल. फुकट मदत फक्त ज्यांच्याने काम होणार नाही त्यांना. शेतकऱ्याला बी-बियाणे आणि बैलासाठी सरकारकडून रोख पैसा मिळे, पण तो तगाई म्हणून, फेडायच्या बोलीवर.

ही चौकट स्वातंत्र्यानंतरही गेली नाही, पण महाराष्ट्राने तिला निराळे वळण दिले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला त्यातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कसाला लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदतीचा कोरडा खाऊ) यांवर दिवस काढलेल्या घरांना या कामांनी जगवले, त्यामुळे रोजगार हमीला कमी लेखायचे कारण नाही. पण पैशाआधी श्रमाची अट तशीच राहिली, आणि म्हातारी माणसे, अपंग, परित्यक्ता, एकट्या विधवा हमीच्या बाहेर पडत होत्या. त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून वृद्धांना महिना ७५ रुपये निवृत्तिवेतन देऊ केले. त्यातला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी वाढत वाढत २०० रुपयांवर आला आणि तिथेच थांबला. बाकीचा भार राज्यांनी उचलला.

थोडक्यात, ज्याच्या हातून काम होत नाही त्याला विनाअट पैसा देणे आपल्याला कधीच पटले होते. ज्याच्या अंगात ताकद आहे पण घरात भांडवल नाही, अशा कुटुंबाचे काय, हा प्रश्न राहिला होता. मेक्सिकोने १९९७ मध्ये अशा कुटुंबांना रोख मदत सुरू केली, पण मुले शाळेत गेली पाहिजेत आणि दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे, या अटींवर. अटीमुळेच मदत कामी येते की नुसता पैसाही पुरतो, हा खल त्यानंतर जगभर चालू झाला.

भारतात त्याचे एक फार मोलाचे उत्तर इंदूर जिल्ह्यात मिळाले. होळकरांच्या या मुलखात 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ मध्ये आठ गावांत प्रयोग सुरू केला. गावातल्या प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये, तेही आईच्या हाती. वर्षभराने रक्कम ३०० आणि १५० झाली. काम, शाळा, खर्च, कशाचीच अट नव्हती. तुलनेसाठी १२ गावे घेतली, जिथे पैसे दिले गेले नाहीत. शिवाय एका आदिवासी गावात ३०० आणि १५० रुपयांच्या दरानेच वर्षभर मदत दिली आणि दुसऱ्या एका गावाशी त्याची तुलना केली.

त्या गावांत जे दिसले त्यावर थोडे थांबायला हवे, कारण आजच्या वादाची किल्ली तिथे आहे. पैसे मिळालेल्या कुटुंबांत दारूवरचा खर्च वाढला नाही. बियाणे आणि खतावरचा खर्च वाढला, शेळ्या-कोंबड्या वाढल्या, आणि मोलमजुरीचा वेळ स्वतःच्या शेताकडे वळला. आदिवासी गावात हे जास्त ठळकपणे दिसले.

असे का होते, ते दोन एकरवाल्या कोणत्याही घराला सांगावे लागत नाही. पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आपल्या रानात तण माजते. पण घरात पीठ-मीठ नसते, म्हणून त्याच दिवसांत नवरा-बायको दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात आणि स्वतःची खुरपणी लांबते. पीक तिथेच मार खाते. मग बियाणे-खतासाठी दुकानदाराची उधारी, सुगीला त्याच दुकानदाराकडे पडत्या भावाने माल घालणे, आणि दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणे, ही साखळी पुढे चालते. किराण्यापुरती रक्कम ठरल्या वेळी हातात आली, तर तो आठवडा आपल्या बांधावर काढता येतो. बागायतदाराला मजूर कमी दिसतो हे खरे असेल, पण म्हणून त्या माणसाने काम सोडले असे होत नाही. तो स्वतःच्या शेतात राबत असतो आणि पडेल त्या रोजाला नाही म्हणू शकतो. मला रोख मदतीचे सर्वांत मोठे काम हेच वाटते.

पुढे केनियात याचे मोजमाप फार मोठ्या प्रमाणावर झाले. 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने रारिएडा भागातल्या गवती छपराच्या घरांना मोबाइलवरून पैसे पाठवले. एकरकमी मिळालेल्यांनी घरावर पत्रे घातले, वस्तू घेतल्या. महिन्याला मिळालेल्यांच्या ताटात जास्त फरक पडला. सियाया परगण्यातल्या ६५३ गावांच्या अभ्यासात साडेदहा हजारांहून अधिक घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले गेले. त्या पैशाच्या जवळपास अडीचपट उलाढाल स्थानिक अर्थव्यवस्थेत झाली आणि महागाई नगण्य वाढली. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांनाही लाभ झाला.

आपल्याकडे मात्र रोख मदत वाढली ती वेगळ्या वाटेने. १ जानेवारी २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरण, २०१४ मध्ये जनधन खाती, २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर, म्हणजे प्रत्येकाला विनाअट ठरावीक रक्कम देण्याच्या कल्पनेवर, स्वतंत्र प्रकरण. मग मे २०१८ मध्ये तेलंगणाने रयतु बंधू योजनेत शेतकऱ्याला एकरी ४,००० रुपये दर हंगामाला दिले. ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त, आणि कुळाने शेत कसणाऱ्याला काहीच नाही. ओडिशाने कालिया योजनेत भूमिहीन आणि बटईदार घेतले, ही मला जास्त न्याय्य वाट वाटते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राची पीएम-किसान आली: वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्ते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० जोडले.

या दोन्ही योजनांना श्रमाची किंवा शाळेची अट नाही, पण जमीन नावावर असावी लागते. सातबारावर नाव बहुधा पुरुषाचे. बटईने कसणारा बाहेर, पारधी किंवा ऊसतोड कुटुंब ज्याला गुंठाभर जमीन नाही ते बाहेर. बायकांच्या नावे मदतीची परंपरा वेगळ्या अंगाने आली: गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या काळात २०१२ मध्ये गृह आधार, मध्य प्रदेशात २०२३ मध्ये लाडली बहना, आणि मग लाडकी बहीण. तिच्यात जमिनीची अट नाही, म्हणूनच ती भूमिहीन घरात पोहोचली. पण पीएम-किसान आणि नमोचे मिळून वर्षाला १२,००० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० मिळत नाहीत, फरकाचे ५०० मिळतात.

महाराष्ट्रातच २०२३ पासून चालू असलेल्या आणखी एका निर्णयाची चर्चा फारशी होत नाही. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळे. ते बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. इंदूरच्या गावांत पैसा रेशनच्या जोडीला आला होता, इथे तो रेशनच्या जागी आला. पाच किलो धान्याला सुरुवातीचे १५० रुपये म्हणजे किलोला ३० रुपये पडत (२०२४ मध्ये रक्कम १७० झाली). बाजारात ज्वारी-गव्हाचा भाव वर गेला की घाटा त्या घराचा. रोख मदत म्हणून दोन्हींचा उल्लेख एका दमात होतो, पण घरातल्या हिशेबात त्या उलट्या बाजूंनी उतरतात.

आणि वेळ. पीएम-किसानचे हप्ते चार-चार महिन्यांच्या खिडकीत येतात, पेरणीच्या दिवसांवर नव्हे. लाडकी बहीणचा हप्ता कधी महिन्याच्या शेवटी, कधी पुढच्या महिन्यात. त्यात २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याची अट, आली. ज्या बाईला तारीख माहीत नाही, ती त्या पैशाच्या भरवशावर दुकानदाराची उधारी नाकारू शकत नाही आणि मुकादमालाही थांब म्हणू शकत नाही. तिला उचल आधी घ्यावीच लागते, आणि हप्ता आला की तो किराण्यात जिरतो. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाआधी, ठरलेल्या तारखेला आलेले १,५०० रुपये तिला बियाण्याच्या पिशवीपर्यंत नेऊ शकतात. तेच पैसे ऑगस्टमध्ये आले तर खरिपाचा निर्णय तोवर होऊन गेलेला असतो.