डीएनए बारकोड आणि जीनोम: नाव कळणं वेगळं, हालहवाल कळणं वेगळं

‘डीएनए तपासणीवरून प्रजाती ओळखली’ आणि ‘अमुक प्राण्याचा जीनोम वाचून झाला’ या दोन बातम्या वाचल्या, की अनेकांना वाटतं या एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत. आधी थोडा डीएनए वाचला, पैसे मिळाले तेव्हा उरलेला वाचला. हा समज सोडून दिलेला बरा. बारकोड म्हणजे डीएनएमधला सुमारे ६५० अक्षरांचा (डीएनएच्या चार रासायनिक घटकांना अक्षरं म्हणतात) एक ठरलेला तुकडा. जीनोम म्हणजे जीवाचा सगळा डीएनए; हत्तीचा तो ३ अब्जांहून अधिक अक्षरांचा. पण लांबीपेक्षा मोठा फरक आहे तो प्रश्नात. बारकोडला विचारायचं, ‘हा कोण?’ आणि जीनोमला, ‘याचं कसं चाललंय, हा कुठून आला?’

बारकोडची कल्पना २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सगळ्या प्राण्यांसाठी एकच तुकडा वापरायचा: पेशीतल्या तंतुकणिकेमधल्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) सीओआय या जनुकाचा. हे जनुक जवळपास प्रत्येक प्राण्यात सापडतं. एकाच प्रजातीच्या दोन जीवांत ते फारसं वेगळं नसतं, शेजारच्या प्रजातीत मात्र बहुधा पुरेसं बदललेलं असतं. शिवाय केंद्रकातल्या डीएनएच्या पेशीमागे दोनच प्रती असतात, तंतुकणिकांमधल्या शेकडो-हजारो. म्हणून संग्रहालयातल्या वाळलेल्या पतंगाचा एक पायही पुरतो. वनस्पतींत हे जनुक फार सावकाश बदलतं, त्यामुळे तिथे आरबीसीएल आणि मॅटके ही जोडी वापरतात, बुरशीसाठी आयटीएस.

नुसता तुकडा वाचून काहीच कळत नाही, तो कशाशी तरी जुळवावा लागतो. त्यासाठी बोल्डसारखे संदर्भसंग्रह आहेत. त्यातला प्रत्येक नमुना आधी कुणीतरी वर्गीकरणतज्ज्ञाने हातात घेऊन, नीट पाहून नावानिशी नोंदवलेला असायला हवा. तिथे नाव चुकलं, की ती चूक पुढच्या प्रत्येक जुळणीत उतरते. बारकोडमुळे वर्गीकरणतज्ज्ञांची गरज संपेल, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बारकोडची खरी ताकद एकेका जीवात नसून गर्दीत दिसते. सापळ्यात अडकलेल्या हजारो कीटकांचा एकत्र लगदा करून त्यातले तुकडे एकाच वेळी वाचता येतात, याला मेटाबारकोडिंग म्हणतात. त्याहून पुढे, प्राणी न दिसताही त्याचा माग लागतो. २००८ साली फ्रान्समधल्या तळ्यांचं नुसतं पाणी तपासून तिथे घुसलेला अमेरिकी बुलफ्रॉग शोधून काढला गेला. त्वचा, विष्ठा, लाळ यांतून पाण्यात सुटलेला डीएनए त्यासाठी पुरेसा ठरला. यातून ‘आहे’ एवढं कळतं. ‘किती आहेत’ हे नेमकं सांगता येत नाही, आणि प्राणी जिवंत होता की मेलेला, हेही नाही. पाण्यातला डीएनए वाहत कुठूनही येऊ शकतो.

आता बारकोड कुठे फसतो ते पाहू, कारण जीनोम का लागतो हे तिथेच कळतं. तंतुकणिकेतला डीएनए फक्त आईकडून येतो. आफ्रिकेत दोन प्रकारचे हत्ती आहेत, सवानातले आणि जंगलातले. काही ठिकाणचे सवाना हत्ती दिसायला, वागायला आणि केंद्रकातल्या डीएनएनुसारही सवानाचेच, पण त्यांच्या तंतुकणिका जंगली हत्तींच्या निघाल्या. असं घडलं कसं? पूर्वी कधीतरी जंगली माद्यांशी आकाराने मोठ्या सवाना नरांचा संकर झाला. त्यांच्या मुली, नाती, पणत्याही पुन्हा सवाना नरांशीच जुळल्या. दर पिढीत केंद्रकातला जंगली वाटा निम्मा होत गेला आणि अखेर जवळपास पुसला गेला. आईकडून मुलीकडे जाणारी तंतुकणिका मात्र तशीच राहिली. इथे फक्त बारकोडवर विसंबलो, तर समोरच्या सवाना हत्तीला आपण जंगली म्हणून मोकळे होऊ. दारावरची पाटी पणजीच्या नावाची, आत राहणारे वेगळेच! केंद्रकातल्या डीएनएच्या पुराव्याने या दोन प्रजाती वेगळ्या मानण्याला बळ आलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२१ साली पहिल्यांदाच दोघांचं स्वतंत्र मूल्यमापन केलं. जंगली हत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, सवाना हत्ती ‘संकटग्रस्त’.

हत्तींच्या या गोष्टीत केंद्रकातल्या मोजक्या जागा तपासूनही काम झालं होतं. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सॅम्युअल वॉसर यांनी जप्त हस्तिदंत मूळचा कुठला हे आफ्रिकाभरातल्या विष्ठेच्या नमुन्यांशी जुळवून शोधलं, तेही अशाच मोजक्या खुणांवर. बारकोड आणि पूर्ण जीनोम यांच्या मधला हा रस्ता बातम्यांत क्वचितच दिसतो, संवर्धनाचं पुष्कळ काम मात्र त्याच्यावरच चालतं.

काही प्रश्नांना पूर्ण जीनोमच लागतो. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काळे, रुंद पट्टे असलेले वाघ आहेत. बारकोडसाठी ते नुसते वाघ. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने जीनोम वाचून २०२१ मध्ये दाखवलं, की टॅकपेप नावाच्या जनुकातला एका अक्षराचा बदल त्यामागे आहे. हा बदल तिथे इतका पसरला, कारण हे वाघ इतर वाघांपासून तुटून थोड्या संख्येत राहिले आहेत.

वाकिटा या कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या चिमुकल्या सागरी सस्तन प्राण्याचं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. जेमतेम दहाच्या आसपास उरले, आता अंतःप्रजननानेच (जवळच्या नात्यातल्या संकराने) संपतील, मग त्यांना अडकवणारी मासेमारीची जाळी बंद करून काय उपयोग, असा सूर लागू लागला होता. २०२२ मध्ये वीस वाकिटांच्या जीनोमवरचा अभ्यास आला. ही प्रजाती हजारो वर्षं कमी संख्येतच जगत आली होती, आणि त्यामुळे घातक उत्परिवर्तनांचं (जनुकांतल्या बदलांचं) ओझं तिच्यात तुलनेने हलकं होतं. जनुकांमुळे ती नामशेष होणार हे काही ठरलेलं नाही; तिला मारतात ती गिल जाळी, म्हणजे मासे कल्ल्यांशी अडकवणारी जाळी. त्या आखातातलं पाणी तपासून तिथे वाकिटा आहे का ते शोधता येईल, पण जाळी थांबवली तर तो वाचेल का, याचं उत्तर त्या पाण्यातल्या तुकड्याला देता येणार नाही.