शिशाचा आकडा वाढलाय? आठ दिवसांत परत रक्त देऊ नका

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या बॅटरीच्या आणि सोल्डरिंगच्या गाळ्यांतून आमच्या लॅबमध्ये रक्तातलं शिसं तपासायला माणसं येतात. रिपोर्ट वाढलेला दिसला की प्रश्न ठरलेला: "अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्यात, पुढच्या सोमवारी परत रक्त देऊ का?"

देऊ नका. मध्यंतरी एका गृहस्थांनी ग्लुटाथायोनची (पेशींतही असणारं एक अँटिऑक्सिडंट) अर्धी संपलेली बाटली आणि आठ दिवसांच्या अंतराचे दोन रिपोर्ट काउंटरवर आपटले. आकडे जवळपास सारखेच. मशीन चुकलं नव्हतं. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, तोही कामावरचं शिसं अंगात जायचं थांबलं तर. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत बसलेलं असतं. तिथून ते वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात उतरत राहतं.

मग गोळ्यांचं काय? शिसं गंधकाला चिकटतं. ग्लुटाथायोनमध्ये गंधक असतं, म्हणून पेशीतला त्याचा साठा खर्ची पडतो. शिवाय हिमोग्लोबिन बनवण्याच्या कामातलं एक एन्झाइम शिशामुळे मंदावतं, आणि त्यापायी जो कच्चा माल साचतो तोच पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे रेणू तयार करतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हाच. गोळ्यांनी तो थोडा हलका होईलही, पण शिसं जागचं हलत नाही. ओल आलेल्या भिंतीला रंग दिल्यासारखं आहे ते. शिसं बाहेर काढणारी औषधं वेगळी; ती डॉक्टर देतात, आणि फेरतपासणी कधी करायची तेही तेच ठरवतात.

डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर महिन्याच्या आत आम्ही शिशाचं सॅम्पल घेत नाही. लोक रागावतात, धंदा शेजारी जातो, चालायचंच.

उपाशी यायची गरज नाही. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून सोबत सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करून घ्या. टोचणी एकच, ट्यूब दोन. आर्सेनिक या दुसऱ्या विषारी द्रव्याच्या तपासणीसाठी लघवी द्यायची असेल तर आधीचे तीन दिवस मासे, कोळंबी, खेकडे बंद. त्यांतलं आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असतं, पण आकडा फुगवतं.

गाळ्यात पाचजण असाल तर आमचा माणूस तिथे येतो. सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन बसा. कातडीवरची शिशाची धूळ सुईबरोबर ट्यूबमध्ये गेली की सगळंच परत करावं लागतं.