दुसऱ्या खिडकीचा शोध

जुन्या गोव्यात टेकडीवर सुमारे ४६ मीटर उंचीचा जो एकाकी मनोरा दिसतो, तो ऑगस्टिनियन या कॅथलिक धर्मसंघातील संन्याशांच्या मठातील चर्चचा आहे. १६०२ मध्ये बांधून झालेल्या या चर्चला असे चार मनोरे होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीने धर्मसंघांना हुसकावल्यावर मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचे कमानदार छत कोसळले. हे चर्च जांभ्याचे होते आणि जांभा हा सच्छिद्र दगड आहे. चुन्याचा गिलावा शाबूत असेपर्यंत तो कोकणच्या पावसाला दाद देत नाही, पण गिलावा सुटला की पाणी भिंतीत मुरते, सांध्यांतला चुना धुऊन जातो आणि फटींत झाडांची मुळे शिरतात. १९३१ मध्ये दर्शनी भागही पडला.

याच ढिगाऱ्यात एका राणीच्या अस्थी शोधायच्या होत्या. जॉर्जियातील काखेती राज्याच्या राणी केतेवान यांनी धर्मांतरास नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझ येथे त्यांना छळ करून ठार मारवले. तिथल्या ऑगस्टिनियन संन्याशांनी त्यांच्या काही अस्थी १६२७ मध्ये गोव्यात आणल्या. मठातील एका प्रार्थनागृहाच्या दुसऱ्या खिडकीत त्या दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. मात्र भिंतीच पडल्यावर खिडक्या मोजणार कशा? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने आधी इमारतीच्या पायाच्या अवशेषांवरून तिचा आराखडा जुळवला, मग ती जागा निश्चित केली, आणि तिथे हाताच्या हाडाचा तुकडा सापडला. या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा संयम.

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या हाडातील मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाचा, डीएनए तपासला. हा डीएनए आईकडूनच अपत्याला मिळतो, त्यामुळे त्यावरून मातृवंश ओळखता येतो. शिवाय एका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असल्याने जुन्या, झिजलेल्या हाडातही तो हाती लागण्याची शक्यता अधिक असते. या हाडात ‘यू१बी’ हा वंशगट, म्हणजे समान मातृवंशाचा गट, आढळला. भारतीय उपखंडातील २२,००० हून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांत तो एकदाही दिसला नव्हता, तर तपासलेल्या ३० जॉर्जियन व्यक्तींपैकी दोघांत तो होता. त्याच अवशेषांतील इतर दोन हाडांचे वंशगट मात्र भारतीय निघाले.

डीएनए कोणाचे नाव सांगत नाही. येथे कागद, खिडकीची जागा आणि मातृवंश हे तिन्ही धागे जुळले, म्हणूनच ओळख भक्कम ठरली. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.