भागीचे घोडे मरायलाच हवे का?

१८३३ साली ऑक्सफर्डमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम फॉर्स्टर लॉइड यांनी छापील व्याख्यानांत एक साधा प्रश्न मांडला. गावाच्या सामाईक कुरणातली गुरे इतकी खुरटी का, आणि शेजारच्या कुंपणाआतली जमीन बरी असताना हे कुरणच इतके उघडेबोडके का? उत्तरही त्यांनीच दिले. स्वतःच्या जमिनीत एक जनावर जास्त सोडले, तर ते आपल्याच इतर जनावरांच्या तोंडचा चारा खाते. सामाईक कुरणात मात्र ते बहुतेक दुसऱ्यांच्या जनावरांच्या तोंडचा खाते. मग हात कोण आखडणार? ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही आपली म्हण हेच सांगते.

सार्वजनिक वस्तूंचा, म्हणजे पैसे न देणाऱ्यालाही ज्यांचा लाभ मिळतो अशा सोयींचा, विचार मात्र वेगळ्या वाटेने आला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० साली लिहिले होते की पाणथळ कुरणातले पाणी काढून टाकायला दोन शेजारी सहज एकत्र येतील, पण हजार माणसांचे एकमत होणे जवळपास अशक्य. जो तो खर्चाचा भार दुसऱ्यावर ढकलायला बघेल. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये अशी कामे राज्यसंस्थेच्या कर्तव्यांत घातली. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये दीपगृहाचे उदाहरण दिले आणि ते पुढे पाठ्यपुस्तकांत कायमचे बसले. (अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोज यांनी १९७४ मध्ये इंग्लंडचा इतिहास तपासून दाखवले की तिथली कित्येक दीपगृहे खासगी होती आणि त्यांचे शुल्क जहाजांकडून बंदरात वसूल होई. अर्थात वसुलीचा तो हक्क राजसत्तेनेच दिलेला असे, हे विसरून चालणार नाही.)

नेमकी व्याख्या आली १९५४ मध्ये, अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांच्या जेमतेम तीन पानांच्या लेखात: एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काहीच कमी होत नाही, ती सार्वजनिक वस्तू. पैसे न देणाऱ्याला वगळता येत नाही, हा निकष रिचर्ड मसग्रेव्ह यांच्या लेखनातून पक्का झाला.

त्याच १९५४ मध्ये स्कॉट गॉर्डन यांनी मासेमारीचे अर्थशास्त्र मांडले. आज पाण्यात सोडलेला मासा उद्या आपल्याच जाळ्यात येईल याची कोळ्याला काहीच खात्री नसते, म्हणून समुद्रातल्या माशाला त्याच्या लेखी किंमत उरत नाही. दोन्ही लेख एकाच वर्षीचे, पण अडचणी उलट्या. दोन्हीकडे कुणाला अडवणे अवघड, हे खरे. पण दीपगृहाचा उजेड वापरून संपत नाही, मासा संपतो. एकीकडे पदरचे पैसे घालायला कुणी पुढे येत नाही, दुसरीकडे कुणी थांबायला तयार नसतो. ‘सगळ्यांचे’ या एका शब्दाखाली हे दोन्ही कोंबले की उपायही चुकतात.

पुढचा घोळ याहून मोठा. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने लॉइडचे कुरण पुन्हा बाहेर काढले. त्याचा मूळ विषय लोकसंख्यावाढ होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते कुरण: सामाईक ठेवा म्हणजे सर्वनाश, म्हणून एक तर खासगी करा नाही तर सरकारच्या ताब्यात द्या. धोरणे आखणाऱ्यांना हा निष्कर्ष फार सोयीचा वाटला. त्यात एक गोष्ट गाळली गेली. हार्डिनच्या कुरणावर कुणीही यावे आणि कितीही गुरे सोडावीत. ते भागीचे नव्हते, बेवारशी होते. नियमन नसलेल्या सामाईक ठेव्याबद्दल आपण बोलत होतो, हे हार्डिननेही १९९० च्या दशकात मान्य केले.

खरे भागीचे कुरण बघायचे तर स्वित्झर्लंडमधले तोर्बेल गाव बघावे. तिथला १५१७ चा नियम असा: हिवाळाभर जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात पाठवायच्या. मला या नियमाचे मोल फार वाटते. माणसाचा चांगुलपणा त्यात गृहीत धरलेला नाही. हिवाळ्याचे गवत खासगी शेतातले, त्यामुळे मर्यादा आपोआप पडते. गाई डोंगरावर गेल्या की लगेच मोजतात, कारण वर्षाच्या चीजची वाटणी त्या मोजणीवरच होते. लबाडी केली तर ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडते.

हे गाव रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने अभ्यासले होते. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांनी असे जगभरचे दाखले गोळा करून १९९० च्या आपल्या पुस्तकात शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा स्वतःचा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर होता, जिथे बेसुमार उपशामुळे समुद्राचे खारे पाणी आत शिरत होते. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना सारखे तेच दिसले: वाटेकरी कोण ते ठरलेले, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख त्यांचीच, आणि दंड आधी किरकोळ, मग चढता. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

आज खरा पेच वातावरणाचा आहे. कार्बन सामावून घेण्याची त्याची ताकद कुरणासारखी संपते, तर स्थिर हवामानाचा लाभ दीपगृहाच्या उजेडासारखा कुणालाच नाकारता येत नाही. म्हणजे दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी, वाटेकरी सगळे जग, आणि हिवाळ्याच्या चाऱ्याइतके सोपे, सगळ्यांना पटेल असे माप अजून ठरलेले नाही.