मंचावर गेलेला पोट्टा जादूगाराचा माणूस नसतो

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा) भरली, जादूचा खेळ लागला की मागून हमखास ऐकू येतं, "वर गेलेला त्याचाच माणूस आहे!" हा जुना समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. साथीदार पेरणारे जादूगार आहेत, नाही असं नाही. पण भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यात परका माणूस वर चढला तर लगेच ओळखू येईल, आणि गावातला फितवला तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळं बाहेर पडेल. वर गेलेल्या पोराला मग महिनाभर 'फितूर' म्हणून चिडवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खरं काम नजरेचं आहे. सुरुवातीला "सगळ्यांनी हात वर करा, टाळ्या वाजवा" म्हणतात ना, ती नुसती करमणूक नसते. सांगितलेलं लगेच कोण करतो, नजर मिळाली की कोण हसतो, हाताची घडी घालून कोण बसलाय, हे जादूगार टिपत असतो. उड्या मारून हात उंचावणाऱ्याला तो बहुधा टाळतो, कारण असा माणूस खेळ आपल्या हाती घेतो. प्यायलेल्याला तर बोलावतच नाही.

दोरी बांधायला मात्र तो मुद्दाम शेतकरी निवडू शकतो. रोज बैल बांधणाऱ्याची गाठ पक्की, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. गाठ खरीच असते. बांधून घेताना जादूगार मनगटं किंचित आडवी धरतो. नंतर ती फिरवली की दोरीत सैल जागा होते आणि हात सुटतो.